अप्पांचा क्लच

अप्पांच्या डाव्या गुडघ्याने संप पुकारला तेव्हा घरात सगळ्यांनी एकच सल्ला दिला, पिकअप विकून टाका. सगळ्यांनी म्हणजे मुख्यतः माझ्या भावाने. तो लांब राहतो आणि फोनवरून सल्ले देतो. सल्ल्याला काय, पेट्रोल लागत नाही.

अप्पा सुतार. कपाट असो नाहीतर खुर्ची, आपल्या हाताने बनवायची, आपल्याच गाडीत घालायची आणि आपणच गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायची, हा त्यांचा खाक्या. दुसऱ्याच्या टेम्पोत माल चढवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. "गाडी गेली की करवतही ठेवून देईन," ते म्हणाले. अप्पा उगाच बोलत नाहीत, म्हणून आईचा चेहरा उतरला.

माझं गॅरेज त्यांच्या कारखान्याला लागूनच आहे, मधे फक्त एक दार. मी म्हटलं, "विकायची कशाला? गुडघ्याला क्लच झेपत नाही ना, मग क्लचच काढून टाकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू."

"तुझ्यापेक्षा मोठी आहे ती गाडी. जरा मान ठेव तिचा."

"मान ठेवूनच पोट फाडते."

अप्पांनी बराच विचार केला आणि एक अट घातली. जुना गिअरबॉक्स विकायचा नाही. नाही जमलं तर तोच परत बसवायचा.

मी भंगारातून एका ठोकलेल्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. तो जुन्यापेक्षा लांब निघाला. मग केबिनचा पत्रा मधोमध कापून उंच केला, गिअरबॉक्स पेलणारी खालची आडवी पट्टी मागे सरकवली, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवाल्याकडून आखूड करून आणला. ऑइल थंड ठेवणाऱ्या नळ्या रेडिएटरपर्यंत नेताना तर माझ्या नाकी नऊ आले. अप्पा मधल्या दारात उभे राहून बघायचे. "लाकूड बरं बाई," म्हणायचे, "बिघडलं तरी जळणाला येतं." जुना गिअरबॉक्स त्यांनी ताडपत्रीत गुंडाळून कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवून घेतला. एरवी तिथे त्यांच्या चांगल्यातल्या फळ्या उभ्या असत.

शेवटी क्लचचं पेडल काढलं आणि ऑटोमॅटिक गाडीला असतं तसं रुंद ब्रेकचं पेडल लावलं. काम इतकं देखणं झालं होतं की मी स्वतःवरच खूश होते.

पहिल्या फेरीला अप्पांनी मागे एक नवी खुर्ची चढवली, जाता जाता पोचवू म्हणाले. मी शेजारी बसले. गाडी हळुवार निघाली. चढ लागला, इंजिनाचा आवाज वाढला आणि अप्पांचा डावा पाय आपोआप उठून खाली आदळला. क्लचच्या जागी आता रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली, माझं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं आणि मागे काहीतरी कडाडलं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

अप्पा गुडघा चोळत उतरले. खुर्चीचा पाय मोडला होता. त्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "विकून टाक." चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

चिडले मीच. "एवढे दिवस मी गाडीखाली मरमर मरतेय आणि तुम्हाला एक पाय आवरत नाही?" बोलले आणि लगेच जीभ चावली. अप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. येताना गाडी मी चालवली.

जेवताना अप्पा आईला त्या चढाबद्दल सांगत होते. "आवाज चढला आणि मी..." तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, तो माझा पाय आहे. माझ्या पायावर कसले गिअर टाकताय?"

अप्पांनी चपापून टेबलाखाली पाहिलं. आई हसली, मीही हसले आणि हसता हसता थांबले. अप्पांचा पाय चुकत नव्हता. आवाज चढला की तो जन्मभर जिथे जायचा तिथेच जात होता. तिथलं पेडल मी काढून घेतलं होतं.

सकाळी उठून रुंद ब्रेक काढला, जुना अरुंद बसवला आणि त्याच्या शेजारी जुनं क्लचचं पेडल परत लावलं. ते कशालाही जोडलं नाही. अप्पांच्या खणातली कपाटाच्या दाराची एक नाजूक स्प्रिंग तेवढी अडकवली, म्हणजे अंगठ्यानेही खाली जावं आणि आपलं आपण वर यावं. दुसऱ्या कुणा मेकॅनिकने पाहिलं असतं तर माझी पुरती शोभा झाली असती.

अप्पा गाडीत बसले. त्यांनी खाली पाहिलं, पेडल एकदा दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी लगबगीने पाना पुसायला घेतला.

चढावर आवाज वाढला. डावा पाय खाली गेला, पेडल अलगद दबलं, आणि जरा वेळाने गिअरबॉक्सने स्वतःच्या मर्जीने गिअर बदलला. वळणावरही तसंच. गाडीला कुठे धक्का म्हणून बसला नाही. अप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. दुरुस्त केलेली खुर्ची आम्ही पोचवून आलो.

त्यानंतर अप्पा पुन्हा गावभर माल पोचवू लागले. भावाने फोनवर विचारलं, तर म्हणाले, "गाडी ठीक आहे, तुझं सांग." पेडलबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही. त्यांना कळलंय की नाही, हा किडा मात्र माझ्या डोक्यात वळवळत राहिला.

मग एका दुपारी ते मधल्या दारातून आत आले. "कोपऱ्यातला तो गिअरबॉक्स उचल. फळ्या आल्यात, मला जागा हवी."

"विकू?"

"वीक, नाहीतर वितळव."

ते परत निघाले आणि दारात थांबले.

"क्लचला मात्र हात लावू नकोस," अप्पा म्हणाले. "आत्ता कुठे हलका झालाय."