खोटे ठरलेले डास

नेहेते सरांनी माझ्या तीन गावांवर लाल पेनाने फुली मारली आणि लगेच चहा मागवला. मला फुलीपेक्षा त्या चहाचा जास्त राग आला. दुसऱ्याच्या चार महिन्यांच्या मेहनतीवर काट मारायची आणि वर साखर कमी टाक म्हणून सांगायचं!

नीट सांगते. जळगावच्या आमच्या कॉलेजात नेहेते सरांच्या हाताखाली डासांच्या पंखांचा प्रकल्प चालू होता. पायावर पांढरे पट्टे असलेला डेंग्यूचा डास सगळीकडे एकाच जातीचा. पण रखरखीत उन्हात वाढलेल्याचा पंख वेगळा आणि गारव्यात वाढलेल्याचा वेगळा होतो का, हे आम्ही शोधत होतो. फरक केसाएवढा, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून पंख काचपट्टीवर ठेवायचा, त्याच्या शिरा जिथे मिळतात तिथे संगणकावर खुणा करायच्या, मग संगणक सांगतो कोणत्या गावचा पंख कोणासारखा आहे. नऊ गावं ठरली होती. रावेरकडची केळीच्या पट्ट्यातली तीन माझी, धुळ्याच्या कोरड्या माळावरची तीन माझ्यासोबतच्या नवीन नावाच्या पोराची, एरंडोल भागातली तीन दुसऱ्या पोराची, तेजसची. कुठे कधी फवारणी करायची, ते यावरून ठरणार होतं.

प्रकल्पाची जीप पोरांना मिळाली. मला सांगितलं, तू तिकडचीच आहेस, तुला एसटी सोयीची. ठीक आहे, गेले एसटीने. मांडीवर डब्या घेऊन गेले. केळीच्या शेडमध्ये, घड धुवायच्या हौदाशेजारी, सकाळी पाय उघडा टाकून बसायचं. डास बसला की काचेची नळी त्याच्यावर धरायची आणि दुसऱ्या टोकाने श्वास ओढायचा. मध्ये जाळी असते, म्हणून डास पोटात जात नाही, एवढंच सुख.

त्या शेडमध्ये बेबाबाई केळीच्या फण्या कापायच्या. मागच्या साली त्यांची सून डेंग्यूने पंधरा दिवस दवाखान्यात होती. मला बसलेली पाहून त्या विळा ठेवून शेजारी आल्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून बसल्या.

"अक्का, तुम्ही नका बसू. आजारी पडाल," मी म्हणाले.

"तुह्या एकटीच्या रक्तावर कितीक येतीन व माय? धर तुही नळी."

मी तीनदा उठवलं, त्या उठल्या नाहीत. तिथल्या तीस डासांतले सतरा त्यांच्या पायावरचे.

आणि आता पडद्यावर चित्र असं होतं: पोरांची सहा गावं एकमेकांच्या अंगावर चढून एकाच ढिगात बसलेली, आणि माझी तीन दूर कोपऱ्यात.

"सहा गावं एक सांगतात, ज्योत्स्ना. तुझी तीन दुसरंच. चूक कोणाची?" सर म्हणाले.

"सर, धुळ्याच्या माळावरचा आणि एरंडोलचा डास इतका सारखा कसा? तुम्हाला हे विचित्र वाटत नाही?"

"मला हे वाटतं की तू गावात गेलीच नाहीस. स्टँडमागच्या डबक्यातले उचलून आणलेस. परवा पुण्याहून समिती येतेय. तुझी गावं काढून टाकतोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं ते, संताप होता. बाहेर येऊन मी बेबाबाईंना फोन लावला. का लावला, माहीत नाही. कोणाला तरी सांगायचं होतं.

"आता, मी दोन घंटे पाय उघडा टाकून बसली, ते डास खोटे कसे?" त्या म्हणाल्या. 

दप्तर घ्यायला परत सरांच्या खोलीत गेले. सर जेवायला गेले होते. त्यांच्या खुर्चीमागे कूलर घरघरत होता, आणि मी वाकले तोच पोटरीला चावा बसला. पाहिलं, तर पांढऱ्या पट्ट्यांचा डास. कूलरची मागची जाळी काढली. तळाच्या शेवाळलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या आणि आतल्या गवतावर डास टेकलेले होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

नळी काढली आणि तिथल्या तिथे अठ्ठावीस डास पकडले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पंख मांडत बसले. चार वाजता संगणकाने उत्तर दिलं. कूलरचे डास पोरांच्या सहा गावांच्या बरोबर मधोमध जाऊन बसले.

नवीनला जिन्यात गाठून कूलरचं विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी एकलाच थोडा शे? जीप सर लग्नाले लई गयथात. सोमवारपर्यंत डब्या भरा म्हने. मंग कोठून भरतूत?"

म्हणजे सरांची जीप लग्नाला, पोरांचे डास कूलरमधले, आणि लबाड मी!

समिती सरांच्याच खोलीत बसली. तिच्यासमोर सरांनी पोरांची सहा गावं मांडली. वातावरणाचा पंखावर काही परिणाम दिसत नाही, म्हणाले. मी उठले आणि माझा कागद टेबलावर ठेवला. नऊ गावं आणि एक दहावी जागा. सर म्हणाले, "बस खाली." मी बसले नाही.

समितीतल्या वयस्कर मॅडमनी चष्मा वर केला. "सहाच्या मधोमध हे दहावं गाव कोणतं?"

"मॅडम, ते सरांच्या खुर्चीमागे आहे. आत्ताही चालू आहे. जाळी काढून दाखवू?"

 मॅडम स्वतः उठून कूलरमागे गेल्या, वाकून पाहिलं आणि सरांना म्हणाल्या, "अहवाल नव्याने काढा. जी गावं प्रत्यक्ष पाहिली तेवढीच ठेवा."

नवी प्रत निघाली तेव्हा त्यात माझी तीनच गावं होती.

संध्याकाळी बेबाबाईंना फोन केला. "अक्का, तुमचे डास खरे ठरले. पुण्याच्या मॅडमनी सांगितलं."

मला वाटलं, खूश होतील.

"मले चावले ते खरे हायेत, हे सांगाले पुन्याहून बाईले याव लागलं?" त्या कडाडल्या. "मंग आम्ही सांगतो ते काय असते व?"