उतारावर बंद पडणारी बस

नरसिंहराव महेंद्रकरांनी एकोणतीस वर्षं सरकारी बस चालवली. त्यातली बावीस वर्षं म्हैसूर–सरगूर याच रस्त्यावर. छप्पन्नाव्या वर्षी वार्षिक तपासणीत डाव्या डोळ्यात दोष निघाला आणि त्यांना स्टिअरिंगवरून उठवून डेपोच्या टेबलाशी बसवलं. इतरांच्या फेऱ्या वहीत लिहून घेत त्यांनी उरलेली नोकरी संपवली. निवृत्तीनंतर सरस्वतीपुरमच्या घरी ते दिवसभर फाटकाशी उभे राहायचे. बायकोशी, सुष्माबाईंशी, बोलणं जेवणापुरतं.

मुलगी नव्या आयर्लंडमध्ये कॉर्कला असते. डिसेंबरात ती तीन आठवडे आली, तेव्हा तिने हे पाहिलं. आठवडाभरात तिने एकेक भाग मागवला आणि जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर जोडला. सोबत खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि क्लच. त्यात बस चालवायचा एक खेळ होता. डोंगर, गावं, थांबे, चढणारे-उतरणारे लोक. दोन माणसं दोन देशांत बसून एकाच रस्त्यावर दोन बस चालवू शकत होती, आणि कानाला हेडफोन लावून बोलूही शकत होती.

नरसिंहराव पहिले दोन दिवस जवळ गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी बसले ते संध्याकाळी उठले.

नव्या परत गेल्यावर रविवार ठरला. दुपारी तीनला, म्हणजे तिच्या सकाळी, पुढे अप्पांची बस, मागे तिची. फोनवर या दोघांचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का, थंडी आहे का, आयतु म्हणजे झालं, अम्माला देतो. बस चालवताना मात्र दोन-दोन तास गप्पा व्हायच्या. समोर रस्ता असला की नरसिंहरावांना बोलायला सुचायचं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा तसं झालं. बस थांब्यावर उभी होती. पडदा गोठला, आवाज घुं करून अडकला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू झाला.

“अप्पा, काय दाबलं तुम्ही?” नव्याने फोन करून विचारलं.

“काही नाही दाबलं. सुम्ने, नुसता बसलो होतो.”

“पायाने वायर ओढली गेली असेल.”

पुढच्या रविवारी पुन्हा. मग एरवी एकटे चालवतानाही, आठवड्यातून तीनदा. नव्याने दुरून जमेल ते सगळं केलं. खेळ काढून परत घातला, विंडोजही पुन्हा घातलं. दुकानातला माणूस येऊन धूळ झाडून गेला. कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडतच राहिला, आणि दर वेळी नव्याचा एक प्रश्न असायचाच. मागच्या बटणाला गुडघा लागला का? काहीतरी दुसरं उघडलं का? एकदा ती म्हणाली, “अप्पा, रागावू नका, पण डोळे परत एकदा दाखवून या ना. पडद्यावर काही येत असेल आणि तुम्हाला दिसत नसेल.”

नरसिंहरावांनी “बघू” म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला. मार्चच्या शेवटी त्यांनी कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली. रविवारी तीन वाजता ते परत फाटकाशी जाऊन उभे राहिले.

वरच्या मजल्यावर गुंजन देवधर ही अमरावतीची मुलगी भाड्याने राहायची. बत्तीस वर्षांची, हेब्बाळकडच्या एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायच्या कामावर. सुष्माबाईंनी तिला जिन्यातच गाठलं.

“स्वल्प तो कॉम्प्युटर बघतेस का गं? बंद पडतो म्हणून नाही. हे बोलेनासे झालेत म्हणून.”

शनिवारी सकाळी गुंजन खाली आली. नरसिंहरावांनी नाखुशीनेच चादर काढली.

“काका, मला वेळ लागेल हं,” ती म्हणाली. “एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, असा माझा हिशेब असतो.”

आधी तिने मागच्या सगळ्या वायर काढून परत घट्ट बसवल्या. मग तापमान पाहिलं. ते ठीक होतं. मेमरीची तपासणी लावली, तास गेला, एकही चूक नाही. ग्राफिक्स कार्डावर पूर्ण ताण टाकला, काही झालं नाही. शेवटी प्रोसेसरला जेवढं काम देता येईल तेवढं दिलं. पंखा घोंघावू लागला, पण अर्ध्या तासाने आकडे होते तसेच.

सुष्माबाईंनी उपमा आणून ठेवला. गुंजन खाता खाता पडद्याकडे बघत राहिली.

“काका, सगळं पास होतंय. खेळच खराब आहे की काय कोण जाणे.”

“नव्याकडे तोच खेळ आहे. तिचा नाही बंद पडत,” नरसिंहराव म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे मीच.”

“तुम्ही काय?”

ते उठले आणि कपाटातून एक दोनशेपानी वही घेऊन आले. डेपोत फेऱ्या लिहायचे तशाच रकान्यांची. तारीख, वेळ, जागा, वेग, गियर, गाडीत किती माणसं. प्रत्येक वेळेची एक ओळ. सत्तावीस ओळी होत्या. शेवटच्या रकान्यावर ‘नव्याचं मत’ असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात: ‘पायाने वायर ओढली असेल. पाय वायरजवळ नव्हता.’ ‘गुडघा लागला असेल. बटण गुडघ्याच्या वर आहे, मोजलं.’ एका ओळीत नुसतं ‘डोळे’ एवढंच.

गुंजनने उपम्याची बशी बाजूला ठेवली. शेवटचा रकाना तिने वाचला आणि सोडून दिला. जागेच्या रकान्यावर बोट ठेवून ती खाली खाली आली.

“थांब्यावर उभी. रेल्वे फाटकाशी उभी. उतार, पाय सोडलेला. डेपोत, नकाशा उघडलेला. परत उतार.” तिने वर पाहिलं. “काका, घाटाच्या चढावर एकदाही नाही?”

“एकदाही नाही. भरल्या गावातून जातानाही नाही.”

“हे तुम्हाला आधीच लक्षात आलं होतं?”

“आलं होतं. पण मी काय सांगणार? कॉम्प्युटरातलं मला गोत्तिल्ला, काही कळत नाही.” मग ते खुर्ची ओढून बसले. “आमच्याकडे अशी एक गाडी होती. साठ माणसं भरून चढ चढायची, कुरकुर नाही. सरगूरला माणसं उतरली, गाडी सुम्ने उभी राहिली, की बंद. सगळे म्हणाले ड्रायव्हर क्लच नीट सोडत नाही. मला मेमो दिला. दोनदा इंजिन उघडलं, काही सापडेना. शेवटी हयग्रीव म्हणून एक म्हातारा मेस्त्री होता, त्याने विचारलं, कधी बंद पडते? मी सांगितलं. त्याने एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला, झालं.”

“कसला स्क्रू?”

“आयडलिंगचा. कोणीतरी डिझेल वाचावं म्हणून फार खाली आणून ठेवलं होतं. ॲक्सिलरेटरवर पाय असला की इंजिनाला भरपूर मिळायचं. पाय काढला की पुरायचं नाही.”

गुंजनने वहीतल्या ‘उतार’वर परत बोट टेकवलं. मग एकदम उठून हात धुऊन आली.

“काका, मी तीन तास उलटं तपासत होते. जिथे बंद पडत नाही तिथेच ताण देत होते.”

तिने कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि विंडोज यायच्या आत ती एक बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, गेली. दोन-तीन पानं उलटल्यावर थांबली.

“हे बघा. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज कोणीतरी खाली आणलंय. सगळ्या कोअरना सारखंच, आणि बरंच. यात आठ कोअर आहेत, आठ इंजिनं समजा. आठही एकदम कामाला लागली की प्रत्येकाचा वेग आपोआप कमी ठेवला जातो, मग कमी व्होल्टेजवर भागतं. काम थोडं असलं की एखादंच सुसाट धावतं. त्या क्षणी त्याला जे लागतं ते मिळत नाही. की बंद.”

“हे आपोआप होतं?”

“नाही. हातानेच करावं लागतं.”

सुष्माबाई दारात उभ्या होत्या.

“नव्याने केलं ते,” त्या म्हणाल्या. “डिसेंबरात. दुपारी मी इथेच आडवी होते, पंख्याचा आवाज मला सहन होईना. मी म्हटलं तिला. दोन तास बसून तिने आवाज कमी करून दिला.”

“अशाने गरम कमी होतं, पंखा हळू फिरतो,” गुंजन म्हणाली. “पुष्कळ लोक करतात. तिने पूर्ण ताण देऊन तपासलंही असेल. मीसुद्धा आज तेच केलं ना?”

खात्री करायची म्हणून तिने सेटिंग तसंच ठेवून एका वेळी एकाच कोअरला काम देणारी चाचणी लावली. पहिला पास झाला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याला अकराव्या मिनिटाला पडदा गोठला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन सुरू झाला.

“आला!” गुंजन टाळी वाजवून ओरडली. नरसिंहरावांना हसू आलं. गाडी बंद पडली म्हणून इतका आनंद झालेलं माणूस त्यांनी हयग्रीवनंतर पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तिने व्होल्टेज कारखान्यातून येतं तसं केलं आणि तीच चाचणी परत लावली. आठही कोअर पास झाले. संध्याकाळपर्यंत नरसिंहरावांनी मुद्दाम उताराउतारावरून बस नेली, रेल्वे फाटकाशी दहा-दहा मिनिटं उभी केली. काही झालं नाही. पंखा आधीपेक्षा जरा मोठ्याने वाजत होता, एवढंच.

“मी दुपारची आतल्या खोलीत निजेन,” सुष्माबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “तिला सांगू नका हो. नुसतं नीट झालं म्हणा. उगीच मनाला लावून घेईल.”

रात्री जेवतानाही नरसिंहरावांच्या डोक्यात तेच होतं. मेमो त्यांना आठवत होता. स्क्रूचं कळल्यावरही डेपोतून कोणी येऊन सांगितलं नव्हतं की चूक तुमची नव्हती. पण नव्याला खाली पाहायला लावावं असंही त्यांना वाटत नव्हतं.

रविवारी तीन वाजता त्यांनी हेडफोन लावला आणि बस सुरू करायच्या आधीच सांगून टाकलं.

“नव्या, सापडलं. तू आवाजासाठी व्होल्टेज कमी केलं होतंस ना, ते फार कमी झालं होतं. वरच्या गुंजनने शोधलं.”

“पण मी एक तास चाचणी लावली होती, अप्पा.”

“चढावरची लावली असशील. हे उतारावर व्हायचं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“लिहून ठेवलं होतं.”

“मला पाठवा ना.”

नरसिंहरावांनी वही उघडली आणि मोबाईलने फोटो काढला. पाठवल्यावर मिनिटभराने नव्या म्हणाली, “अप्पा, शेवटच्या रकान्यावर तुमचा अंगठा आलाय. त्याखाली काय आहे?”

“काही नाही. असंच.”

“अंगठा काढून पाठवा.”

त्यांनी पाठवला. नव्या वाचत असावी. कॉर्कच्या खोलीत कुठेतरी किटली वाजून बंद झाल्याचा आवाज आला.

“तुम्ही गुडघ्यापासून बटणापर्यंत मोजलंत,” ती म्हणाली. “आणि मी म्हटलं डोळे दाखवा. सत्तावीस वेळा, अप्पा. एकदाही मला वाटलं नाही की माझंच काही असेल.”

“अम्माला झोप लागावी म्हणून केलंस ते.”

“म्हणून काय झालं? सॉरी अप्पा.”

“हं,” नरसिंहराव म्हणाले. हा शब्द ऐकायची त्यांना सवय नव्हती. “आयतु. चल, गाडी काढ. लोक थांब्यावर उभे आहेत.”

दोन्ही बस निघाल्या. पहिलं गाव गेलं, पूल गेला. घाट चढून उतरायला लागल्यावर नरसिंहरावांनी सवयीने श्वास धरला, मग सोडला. एका लांब सरळ रस्त्यावर नव्या म्हणाली, “अप्पा, एक सांगू? अम्माला सांगू नका अजून. मी इथे ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले. दोनदा.”

“कधी?”

“एकदा ऑक्टोबरात, एकदा फेब्रुवारीत. ड्रायव्हरची मुलगी ना मी, सांगायची लाज वाटली.”

नरसिंहरावांनी बस बाजूला घेतली आणि उभी केली. मागे नव्याची बस येऊन थांबली.

“कुठे चुकलीस?”

“सर्कलवर. इथे सर्कल फार आहेत. मी आत शिरते आणि कुठे बाहेर पडायचं ते ठरवेपर्यंत सिग्नल द्यायचा राहतो. मग घाबरून ब्रेक मारते.”

“शिरताना स्पीड किती असतो? गियर कुठला?”

“तिसरा. बहुतेक.”

“बहुतेक नको. आठव.”

“तिसराच.”

“शिरायच्या आधी दुसरा पाहिजे. आणि बाहेर कुठे पडायचं ते शंभर मीटर अलीकडे ठरलेलं पाहिजे, आत जाऊन नाही. आता तू पुढे हो. पुढच्या गावात दोन सर्कल आहेत. मी मागून बघतो.”

नव्याची बस हळूच बाजूने पुढे गेली. पहिल्या सर्कलमध्ये ती तिसऱ्याच गियरमध्ये शिरली आणि भलतीकडेच बाहेर पडली. नरसिंहराव हसले नाहीत. “फिरवून आण,” ते म्हणाले, “माणसं बसलेली आहेत, हळू.” तिने बस फिरवून आणली. त्या दुपारी त्यांनी त्या गावाला चौदा फेऱ्या मारल्या.