न कळणारा चेहरा

आमच्या ढब्बूला शिकवता येतं, हे मी त्याची मोठी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, वेंधळा आहे आणि चहाचे कप खिडकीत ठेवून विसरतो. पण विद्यापीठात बांधकामाचं शास्त्र शिकवायला उभा राहिला की त्याच्यासारखा तोच. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढब्बू. आता नुसती हाडं राहिलीत, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

वर्ग बंद होऊन शिकवणं घरी लॅपटॉपवर आलं आणि या गड्याचं जेवणातलं लक्ष उडालं. समोर नुसते काळे चौकोन. मुलं कॅमेरा लावत नाहीत. "कळलं का?" विचारलं की "हो सर" एवढंच लिहून येतं.

"ताई, मी नेहमी ज्याला कळलेलं नाही त्याच्याकडे बघून शिकवतो," एकदा जेवताना म्हणाला. "त्याच्या कपाळावरची आठी गेली की पुढे सरकायचं. आता कुणाकडे बघू? हे सत्र संपलं की नोकरी सोडतो मी."

लग्न नाही, छंद नाही. शिकवणं सोडून हा माणूस करणार काय?

दुसऱ्या दिवशी त्याचा तास सुरू झाल्यावर मी मटारच्या शेंगा घेऊन लॅपटॉपच्या मागे स्टूल टाकून बसले. सोबत म्हणून, दुसरं काही नाही. तो तुळईवर भार कसा येतो ते सांगत होता. ऐकता ऐकता मी पुटपुटले, "काही डोक्यात शिरत नाहीये बाई."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मग उठून भांडी घासायचा माझा कोरा करकरीत स्पंज आणला, त्याच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारल्या आणि दोन डब्यांवर आडवा ठेवून मधोमध दाबला. वर रेघा जवळ आल्या, खाली फाकल्या.

"बघ, ताण खाली बसतो. म्हणून लोखंडी सळई खालच्या बाजूला घालायची."

स्पंज गेल्याचा राग मी गिळला, कारण मला चक्क कळलं होतं.

तेव्हापासून माझी नेमणूकच झाली. एकदा कंटाळून उगाच मान हलवली, तर म्हणे, "ताई, नाटक नको." पकडलंच मेल्याने. एकच गोष्ट तो पट्टी, दोरी, उशी, हाताला येईल ते घेऊन परत परत सांगायचा आणि कधी आवाज चढवायचा नाही. मी त्याच्या जागी असते तर माझ्यासारखीला केव्हाच वर्गाबाहेर काढलं असतं. नोकरीचा विषय मात्र त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. "तुला किती दिवस राबवू?" म्हणायचा.

मग गॅलरीचा तास आला. गॅलरी म्हणजे एकाच बाजूने भिंतीत अडकलेली तुळई. त्याने स्पंज उचलायच्या आत मी बोलून गेले, "मग इथे सळई वरच्या बाजूला हवी. ताण वर बसणार ना."

ढब्बूचा चेहरा असा काही फुलला की बस. आणि त्या आनंदात गडी भराभर पुढेच निघाला.

थोड्या वेळाने लॅपटॉपमधून एका मुलीचा आवाज आला. "सर, आज त्या ताईंना सगळं कळलं का?"

"का गं?"

"आम्हाला नाही कळलं. रोज त्या अडतात म्हणून तुम्ही परत सांगता. आम्ही त्यांच्याच भरवशावर बसतो."

माझं डोकंच फिरलं. उठून सरळ कॅमेऱ्यासमोर गेले. "मला कळलं बरं का. माझ्या जिवावर किती दिवस शिकणार? कळत नसेल तर तोंडं दाखवा की. तो काही खात नाही तुम्हाला."

एक चौकोन उजळला. स्वयंपाकाच्या ओट्याशी बसलेली मुलगी, मागे कुणीतरी भांडी विसळतंय, आणि हिच्या कपाळावर ही एवढी आठी. मग दुसरा चौकोन. मग एक पोरगा, केस विस्कटलेले, थेट अंथरुणातून.

ढब्बू पडद्याजवळ वाकला. "कुठे अडलं?" इतक्या मायेने विचारलं त्याने, की माझे डोळे भरून आले. स्पंज त्याच्या हातात आलाही होता.

मी शेंगांचं ताट उचलून निघाले. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दारापर्यंत पोचले तर माईक बंद करून त्याने हाक मारली.

"ताई, बस ना. पुढच्या आठवड्यात कमान आहे, ती तुला कळायची नाही. आणि पुढच्या सत्रात पूल घेणार आहे मी, ते तर शक्यच नाही."

पुढच्या सत्रात, म्हणाला. मी ताट खाली ठेवलं आणि बसले.