‘हवापाणी’ आणि साडेआठची नोंद

माझी पहिली दोन परीक्षणं परत आली होती. पहिलं मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचं. त्यात मी ओल्या आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यानंतर गाडी किती घसरते ते मोजून आलेख काढला होता. दुसरं मासेमारीच्या खेळाचं. त्यातला सगळ्यात मोठा मासा आकाराच्या मानाने इतका हलका आहे, की तो पाण्यात बुडूच शकणार नाही, हे मी दोन पानांत सिद्ध केलं होतं. दोन्हींवर संपादकबाईंचा एकच शेरा होता: ‘ही प्रयोगवही झाली. परीक्षण पाठव.’

या बाई संगणकावरच्या खेळांचं एक संकेतस्थळ चालवायच्या. हाताखालची मंडळी त्यांना ‘कात्री’ म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी सरळ फोनच केला.

“हे बघ, तू हुशार आहेस हे मला कळलं. आता ते जरा लपव. नवं काम पाठवतेय. गुरुवारी दुपारी बारापर्यंत, आठशे शब्द, शेवटी दहापैकी गुण. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं, तर तू तुझ्या घरी सुखी, मी माझ्या.”

माझ्या घरचं सुख म्हणजे मावशी. तिची रक्ततपासणीची प्रयोगशाळा होती आणि तिथे तिने माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलं होतं. त्यावर बसून बाटल्यांना नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा, “स्टूल अजून रिकामंच आहे गं.”

नवं काम होतं ‘घरोबा’ या खेळाच्या पुरवणीचं. ‘घरोबा’त आपण एक घर बांधायचं, त्यात माणसं घालायची आणि मग ती जेवतात, झोपतात, भांडतात, ते बघत बसायचं. आतापर्यंत तिथे बारा महिने ऊन असायचं. ‘हवापाणी’ नावाच्या या पुरवणीने त्यांना सात-सात दिवसांचे चार ऋतू दिले होते. पाऊस, बर्फ, धुकं, विजा, आणि घरातल्या टीव्हीवर दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज.

मी वातावरणशास्त्र शिकले होते. आणि माझे बाबा तेहेतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक होते. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

बाबांच्या नोकरीबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अंदाज ते करत नसत. तो वरच्या मजल्यावरचे साहेब करायचे. बाबा रोज सकाळी साडेआठ वाजता आवारात जाऊन तापमान, वारा, ढग आणि पाऊस मोजायचे आणि नोंदवहीत लिहायचे. पण हे गल्लीला कोण सांगणार? अंदाज चुकला की पकडले जायचे बाबाच. आमच्या खाली दुकान असलेले शिंपीदादा तर रोज विचारायचे.

“काय साहेब, आज पाऊस?”

“शक्यता कमी दिसते.”

“बरं झालं सांगितलंत. छत्री काढून ठेवतो.”

घरीही वेगळं नव्हतं. बाबा ‘ऊन पडेल’ म्हणाले की आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची. तिचा हिशेब साधा होता आणि तो बऱ्याचदा बरोबर यायचा, हे बाबांचं खरं दुखणं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी साडेआठ वाजले की ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि कोणालाच काही न सांगता परत यायचे.

सोमवारी सकाळी मी खेळ सुरू केला तेव्हा ते असेच खिडकीवरून परत येत होते.

“कार्टून बघतेस?”

“काम करतेय. यात पाऊस पडतो, तो कसा आहे ते लिहायचंय.”

“कसा आहे म्हणजे? किती मिलिमीटर?”

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची ओढली. तिथेच माझं परीक्षण हातातून निसटलं, पण हे कळायला मला तीन दिवस लागले.

आधी माणसं तयार करायची होती. मी बाबांसारखा एक म्हातारा बनवला. स्वभावांच्या यादीतून बाबांनी स्वतःच ‘शिस्तप्रिय’ निवडला. शेजारी आईसारखी एक बाई उभी केली.

“माझे केस एवढे पांढरे आहेत का गं?” आई मागून म्हणाली.

“थोडे काळे करते.”

“आणि यांचं पोट एवढं सपाट कुठून आलं? मोजमापं तरी खरी घाला. एवढी शास्त्रज्ञ माणसं तुम्ही!”

बाबांनी निमूटपणे पोटाची पट्टी उजवीकडे सरकवायला लावली.

मग कामाला सुरुवात झाली. पडद्यावरच्या अंगणात पर्जन्यमापक मिळेना, म्हणून आम्ही बादली ठेवली. दिवसभर पाऊस पडूनही बादली कोरडी. उलट, मुलांचा डुंबायचा हौद नुसत्या भुरभुरीने काठोकाठ भरला. धुराड्यातला धूर पूर्वेकडे जायचा आणि त्याच वेळी दोरीवरचे कपडे पश्चिमेकडे फडफडायचे. विजेचं तर विचारूच नका. ती चमकायची आणि त्याच क्षणी गडगडाट व्हायचा.

“मधे वेळच जात नाही,” बाबा म्हणाले. “म्हणजे इथली प्रत्येक वीज अगदी डोक्यावर असते. ही माणसं जिवंत कशी?”

मी ते टिपून घेतलं. नुसतं टिपून घेतलं.

पण बाबांना खरा राग आला तो टीव्हीवर टाय लावलेला निवेदक सांगायचा त्या अंदाजाचा. तो रोज बरोबर यायचा. ‘उद्या दुपारी दोनला पाऊस’ म्हटलं की दोनला पाऊस. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस.

“हा अंदाज नाही,” बाबा म्हणाले. “हे वेळापत्रक आहे. तेहेतीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली मी, आणि हा टायवाला काही न मोजता रोज बरोबर!”

“मग तुम्हीही टाय लावायचा होतात,” आई म्हणाली.

चारही ऋतू धरून अठ्ठावीस दिवसांच्या नोंदी करायच्या, असं आमचं ठरलं. बाबांनी जुन्या वहीची कोरी पानं काढून त्यावर रकाने आखले. पडद्यावरच्या बाबांना रोज साडेआठला अंगणात पाठवायचं, ‘आकाशाकडे पाहा’ ही आज्ञा द्यायची आणि काय दिसतं ते लिहायचं. खेळातला एक दिवस आमच्या अर्ध्या तासाचा. रोजची नोंद झाली की मी लगेच खेळ सेव्ह करायचे, पण एकाच जागी, आधीच्या दिवसावर. जुन्या प्रती ठेवाव्यात असं मी एकदा सुचवलं होतं.

“कशाला?” बाबांनी विचारलं.

“काही चुकलं तर मागे जाता येतं.”

“नोंद खोडायची नसते,” ते म्हणाले. “चुकली तर तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची. मागे जाऊन दिवस बदलणारा निरीक्षक मी पाहिलेला नाही.”

हे मला पटलं, हीच माझी चूक. खेळ खेळणाऱ्या कोणालाही विचारलं असतं, तर त्याने आम्हाला वेड्यात काढलं असतं.

बुधवारी दुपारी चोविसावा दिवस उजाडला. आदल्या रात्रीच टीव्हीवाल्याने सांगितलं होतं: सकाळी साडेआठला विजांचं वादळ. मी ठरवलं की आज आज्ञा द्यायची नाही. पण शिस्तप्रिय माणसाला या खेळात सवय लागते, हे आम्हाला माहीत नव्हतं. तेवीस दिवस साडेआठला अंगणात गेलेले पडद्यावरचे बाबा चोविसाव्या दिवशी कोणी न सांगता दार उघडून निघाले.

मी त्यांना परत बोलवायला माऊसकडे हात नेला. बाबांनी तो धरला.

“थांब. आकाश तर बघू दे त्याला.”

“बाबा, वीज!”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

पडद्यावरच्या बाबांनी आकाशाकडे पाहिलं. आकाशानेही त्यांच्याकडे पाहिलं. पांढरा उजेड झाला, गडगडाट अर्थातच त्याच क्षणी झाला, आणि अंगणात धुराचं एक वेटोळं उरलं. पडद्यावरची आई धावत बाहेर आली आणि डोकं धरून रडायला लागली.

खरी आई भाजी चिरत होती. ती सुरी हातात घेऊनच आली. तिने पडदा पाहिला, मग बाबांना पाहिलं.

“वादळात बाहेर जाऊ नका, हे मी तुम्हाला तेहेतीस वर्षं सांगतेय.”

“मी आहे ना इथे जिवंत,” बाबा म्हणाले.

“ती बिचारी बघा कशी रडतेय!”

बाबांनी वही ओढली आणि लिहिलं: ‘दिवस २४, साडेआठ. मेघगर्जना, वीज. निरीक्षक मृत. नोंद पूर्ण.’

माझं काम मात्र अपूर्ण होतं. चार दिवसांचा हिवाळा उरला होता आणि नोंदी घेणारा माणूस गेला होता. नोंद होताच सवयीने मी खेळ सेव्हही करून टाकला होता, त्यामुळे मागे जायला प्रत नव्हती. रडतरडत का होईना, पडद्यावरच्या आईने स्वयंपाक करपवत पंचविसावा दिवस आणला. घड्याळात साडेआठ झाले. अंगणात काहीतरी निळसर हललं. पोट चांगलं सुटलेलं होतं, त्यावरून लगेच ओळख पटली. बाबांचं भूत भिंतीतून बाहेर आलं, बादलीशी उभं राहिलं आणि त्याने आकाशाकडे पाहिलं.

आई पडद्याजवळ सरकली.

“मेल्यावरसुद्धा!” ती म्हणाली.

“बर्फ, हलका,” बाबा लिहिता लिहिता म्हणाले. “वारा नाही.”

उरलेले तिन्ही दिवस भूत वेळेवर आलं.

गुरुवारी सकाळी दहाला मी परीक्षण पाठवलं. धुराची दिशा, हौदाचं आकारमान, अंदाजाची शंभर टक्के अचूकता आणि अठ्ठावीस ओळींचा तक्ता. गुण सहा पूर्णांक चार, अधिक-उणे तीन दशांश. भुताचा उल्लेख नव्हता, कारण ते हवामानात मोडत नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी कात्रीचं उत्तर आलं. ‘सगळं बरोबर असेल. वाचून मला खेळावंसंही वाटलं नाही आणि खेळू नयेसंही वाटलं नाही. बारा वाजेपर्यंत वाट बघते.’

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. मी उचलला नाही.

डोकं धरून बसले असताना जिन्यातून हसण्याचा आवाज आला. आईने खाली शिंपीदादांना सगळी हकिगत सांगितली होती. ते गळ्यात माप घ्यायची टेप तशीच घेऊन वर आले.

“साहेबांचं भूत कुठाय? दाखवा तरी.”

मी खेळ सुरू करून दाखवला. साडेआठ झाले, भूत आलं, त्याने आकाश पाहिलं. शिंपीदादा हसता हसता भिंतीला टेकले. मग हसू ओसरलं, तरी ते पडद्याकडे बघतच राहिले.

“रोज येतं?”

“रोज.”

“एकही दिवस चुकवत नाही?”

“चुकवायचा नसतो,” बाबा म्हणाले.

“हे आपल्याला माहीत नव्हतं, साहेब,” शिंपीदादा म्हणाले. “म्हणजे, तुम्ही रोज जायचात हे. आम्हाला वाटायचं, तुम्ही तिथे बसून नुसतं ठरवता.” आणि माझ्याकडे वळून, “हा खेळ मिळतो कुठे? आमची ही मला एकदा मारायला टपलेलीच आहे.”

मी घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. शिंपीदादा आल्यापासून त्यांनी हौदाचं आकारमान विचारलं नव्हतं. नमुना एकच होता, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण दुसरा शोधायला वेळ नव्हता. मी नवं पान उघडलं आणि लिहिलं: ‘चोविसाव्या दिवशी माझे वडील वीज पडून गेले. पंचविसाव्या दिवशी ते वेळेवर कामावर हजर होते.’

बाकीचं त्यामागून आपसूक आलं. अंदाज कधीच न चुकणं हा या पुरवणीचा सगळ्यात मोठा दोष, हेही लिहिलं: ज्या घरात पावसाचा अंदाज चुकत नाही, त्या घरातल्या नवराबायकोंनी बोलायचं तरी कशावर? पण जो खेळ माणसाची सवय मेल्यानंतरही जपतो, तो बनवणाऱ्याने कोणाला तरी नीट पाहिलं असणार. गुणांशी आले तेव्हा ‘६.४’वर बाबांच्या सांगण्यावरून एकच रेघ मारली आणि बाजूला लिहिलं ‘८’. “सही,” बाबा म्हणाले. मी माझी आद्याक्षरं टाकली आणि बाराला चार मिनिटं असताना पाठवून दिलं.

एक वाजता फोन आला.

“छापतेय,” कात्री म्हणाली. “ती खोडलेली ६.४सुद्धा ठेवतेय. सोमवारपासून ये.”

“आणि तक्ता?” मागून बाबा कुजबुजले.

“वडील तक्ता विचारतायत,” मी म्हणाले.

फोनवर कळफलकाची टकटक ऐकू आली. “चोविसाव्या दिवसाची ओळ ठेवीन. एकच. त्यांना सांग, माझ्या आयुष्यात मी एवढीच ओळ परत घातलीय.”

सोमवारी सकाळी साडेआठला मी चपला घालत होते. बाबा खिडकीशी होते.

“आज पाऊस येईल,” ते म्हणाले.

आईने माझ्या हातातली छत्री काढून खुंटीला अडकवली. खाली शिंपीदादा दुकान उघडत होते.

“साहेब काय म्हणतायत?”

“पाऊस.”

“मग जा बिनधास्त.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नखशिखान्त भिजून कात्रीपुढे उभी राहिले. केसांतून पाणी तिच्या टेबलावर ठिबकत होतं. तिने काही विचारायच्या आत माझा फोन वाजला. बाबा होते.

“किती वाजता सुरू झाला?” त्यांनी विचारलं. पाठीमागे आई दोरीवरच्या कपड्यांवरून त्यांनाच बोल लावत होती.

“नऊ वाजून दहा मिनिटांनी,” मी सांगितलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.