चार वाजताचं गिऱ्हाईक

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे माधवीचं बर्गरचं दुकान आहे. सहा टेबलं, पुढं काउंटर, आणि मागं एक काचेची खिडकी, तिच्यातून आतलं स्वयंपाकघर दिसतं. काउंटरवर माधवी असते, आत तव्यावर तिचा धाकटा भाऊ साईराज. दोघं नंदगडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. माधवी लग्न होऊन बेळगावात आली, नवरा विक्रम उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला लागला, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं साईराजला गावाहून बोलावून घेतलं. पावट्याची टिक्की आणि लसणाची लाल चटणी घातलेला त्याचा बर्गर कॉलेजच्या पोरांना इतका आवडला, की संध्याकाळी टेबल मिळत नसे.

दिवाळी झाल्यावर तो माणूस यायला लागला. साठीच्या पुढचा, इस्त्री केलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. बरोबर चार वाजता यायचा आणि खिडकीसमोरच्या टेबलावर बसायचा. फिल्टर कॉफी मागवायचा. बर्गर त्यानं एकदाही मागवला नाही.

पहिले चार-पाच दिवस माधवीनं लक्ष दिलं नाही. मग तिला दिसायला लागलं, की कॉफी दहा मिनिटांत संपते पण माणूस पाऊण तास उठत नाही. त्याची नजर सारखी त्या खिडकीवर. साईराज हात धुतो का, डोक्याला टोपी घालतो का, डिलिव्हरीवाल्याशी कसा बोलतो, सगळं तो बघत होता. एकदा त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मुलींना विचारलं, "तुम्ही रोज येता का इथं? आतला मुलगा कसा आहे वागायला?" मुली हसल्या आणि म्हणाल्या, चांगला आहे. माधवीनं पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसत सगळं ऐकलं.

असाच एक माणूस तिनं आधी पाहिला होता. साईराज येण्यापूर्वी तिच्याकडे रवळू नावाचा आचारी होता. तेव्हा एक गोड बोलणारा माणूस महिनाभर रोज यायचा, खायचा, रवळूची तारीफ करायचा. पुढच्या महिन्यात मागच्याच गल्लीत नवीन दुकान उघडलं आणि तव्यावर रवळू उभा होता. त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माधवी शटर अर्धं ओढून आत एकटीच बसून राहिली होती.

तिनं विक्रमला हे सांगितलं.

"म्हातारा माणूस हाय, कॉफी प्यायला येत असंल," विक्रम म्हणाला.

"हिंदवाडीकडनं येतोय त्यो. वाटेत तीन कॉफी हाउस लागत्यात. ती सोडून बर्गरच्या दुकानात कॉफी प्यायला येतोय व्हय?"

"मग इचार की त्याला सरळ."

पण तिनं विचारलं नाही. ती साईराजकडे बघायला लागली. चार वाजायच्या आत तो आता धुतलेला एप्रन घालायचा. एरवी काम करताना तो मोबाईलवर गाणी लावून गुणगुणत असे, तो माणूस असेपर्यंत गाणी बंद. कॉफी टेबलावर नेऊन द्यायची वेळ आली, की म्हणायचा, "आक्का, तू दे, माझा हात पिठाचा हाय." फोन आला की मागच्या दारानं बाहेर जायचा.

एका बुधवारी दुपारी तो म्हणाला, "शहापूरला बेकरीत जाऊन येतो. पाव लहान यायला लागल्यात, बोलून येतो." त्याच दुपारी माधवीला काउंटरसाठी कागदी रोल आणायचे होते. कामवाल्या बाईला दुकानात बसवून ती हिंदवाडीतनं चालली होती. कोपऱ्यावरच्या कॉफी हाउसच्या काचेतून तिला साईराज दिसला. समोर तो माणूस बसला होता. माणूस बोलत होता आणि साईराज दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मान हलवत होता. इतक्या अदबीनं तो कधी वडिलांसमोरही बसला नव्हता.

ती रस्त्याच्या पलीकडं एका स्कूटरआड उभी राहिली. थोड्या वेळानं त्या माणसानं साईराजच्या खांद्यावर हात ठेवला. मग मात्र तिला तिथं उभं राहवेना.

साईराज सहा वाजता पाव घेऊन आला.

"लई वेळ लागला रं," ती म्हणाली.

"बेकरीत गर्दी हुती, आक्का."

तो तिच्याशी खोटं बोलला होता. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं आणि तो 'व्हय, जाणार हाय' म्हणाला तर पुढं काय, हे तिला सुचेना. तिनं पाव मोजून आत ठेवले. रात्री विक्रमलाही काही बोलली नाही.

शुक्रवारी तो माणूस रिकामा कप घेऊन स्वतःच काउंटरपाशी आला.

"कॉफी छान होती," तो म्हणाला. "आत काम करतो तो मुलगा बरेच दिवस आहे का तुमच्याकडे?"

"दोन वर्षं झाली. कामगार हाय."

"घरचा नाही?"

"न्हाय. गावाकडचा हाय, वळखीतला."

त्यानं कप काउंटरवर ठेवला. "माणूस म्हणून कसा आहे?"

माधवीनं खिडकीकडं पाहिलं. साईराज पाठमोरा उभा राहून कांदा चिरत होता, वरच्या पंख्याचा आवाज मोठा होता. तिनं आवाज खाली आणला.

"तुम्ही मोठं माणूस, खोटं कशाला सांगू. हाताला चव हाय, पण भरवसा न्हाय. दोन ठिकाणची कामं सोडून आलाय. राग लगेच येतोय. आन् संध्याकाळ झाली की," तिनं अंगठा ओठांकडं नेला. "आम्ही सांभाळून घेतोय म्हणून चाललंय."

तो माणूस तिच्याकडं बघत राहिला. "असं," एवढंच म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. माधवीला हलकं वाटलं. त्या संध्याकाळी तिनं साईराजला आवडतो म्हणून गरम शिरा केला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले, तो आला नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. आता सुटलो असं तिला वाटलं. पण आत काहीतरी बिघडलं होतं. साईराजनं दोनदा टिक्क्या करपवल्या. जेवायला बसला की ताट तसंच सरकवायचा. ती विचारायची, "बरं न्हाय का रं?" तो म्हणायचा, "बरं हाय."

मंगळवारी दुपारी एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. ती टेबलाकडं न जाता सरळ काउंटरपाशी आली.

"तुम्ही आक्का ना, साईराजच्या?"

"तुम्ही कोण?"

"मी भैरवी. रोज चार वाजता इथं येत होते ते माझे बाबा. श्रीपाद कुलकर्णी."

माधवीला काही उलगडा होईना. भैरवीच सांगत गेली. ती आणि साईराज वर्षभर एकमेकांना ओळखत होते, लग्न करायचं म्हणत होते. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. पण मुलगा मी माझ्या डोळ्यांनी बघणार, आणि तोवर तुमच्या घरी कुणाला सांगू नका, अशी अट घातली होती. महिनाभर बघून त्यांचं मन तयार झालं होतं. बुधवारी त्यांनी साईराजला कॉफीला बोलावलं होतं. राहिलं होतं ते घरच्या माणसाचं मत.

"शुक्रवारी ते तुमच्याशी बोलले," भैरवी म्हणाली. "घरी येऊन म्हणाले, हा विषय आता बंद. सख्खी बहीण भावाला कामगार म्हणते, दारुडा म्हणते, म्हणजे काहीतरी असणारच. साईराज म्हणतो, आक्का असं कधी बोलणार नाही, तुझे बाबाच खोटं सांगतायत. आता मी कुणावर विश्वास ठेवू ते तुम्ही सांगा."

आतला पंखा बंद झाला. साईराज खिडकीपाशी येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून शंका नव्हती. आक्का आता नाही म्हणेल आणि सगळं मिटेल, याचीच तो वाट बघत होता.

"बोलले मी," माधवी म्हणाली.

साईराजनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "काय बोललीस?"

"ही सांगतीया ते सगळं. मला वाटलं त्यो तुला न्यायला आलाय. रवळूला नेलं तसं."

"मला इचारायचं हुतंस."

"तू बेकरीत गर्दी हुती म्हणालास. मी तुम्हा दोघांना कॉफी हाउसात बघितलतं."

"त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलतं, आक्का. चार दिवसांत मीच सांगणार हुतो." त्यानं एप्रनला हात पुसले. "मी दारू पितो म्हणून सांगितलंस तू?"

तिनं मान खाली घातली. तो एप्रन काढून मागच्या दारानं बाहेर गेला. भैरवी त्याच्यामागं गेली. त्या दिवशी माधवीनं आलेल्या गिऱ्हाइकांना आज बंद आहे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्ता विचारत हिंदवाडीत श्रीपादरावांच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारात चपला ओळीनं लावलेल्या. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं आणि तिचं सगळं बोलणं न अडवता ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "त्या दिवशी खोटं बोललात की आज बोलताय?"

"त्या दिवशी."

"त्या दिवशी तुमच्याकडं खोटं बोलायला कारण होतं. आजही आहे. मी कसं ओळखायचं?"

खाली भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मग म्हणाली, "माझं ऐकू नका तुम्ही. पण माझ्यामुळं त्याचं ऐकायचं सोडू नका. आन् तुम्ही पण नाव न सांगता महिनाभर बसलात की, सर. एकदा सांगितलं असतं तर मी घरात नेऊन बसवलं असतं तुम्हाला."

"मुलीचा बाप आहे मी," श्रीपादराव म्हणाले. "सांगून गेलं की लोक चांगलंच दाखवतात."

"तुम्ही पोरीचं बाप, ते मला कुठं ठावं हुतं?"

ते जरा हसल्यासारखे झाले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी फक्त गावाचं नाव विचारून घेतलं.

चार दिवसांनी गावाहून आईचा फोन आला. गुणाबाई दबक्या आवाजात बोलत होती.

"माधवी, कोण एक म्हातारा एसटीनं आलाय. गल्लीत घराघरात साईराजबद्दल इचारत फिरतोय. शिकला कुठं, पितो का, भांडतो का. मला त्याचं लक्षण बरं दिसंना. परत लावून देऊ का?"

"आई, त्याला आत बोलव," माधवी म्हणाली. "जेवायला वाढ. काय इचारंल ते खरं सांग, एक शबूद झाकू नको."

"कोण हाय त्यो?"

"त्यालाच इचार."

श्रीपादराव त्या दिवशी गुणाबाईच्या हातची भाकरी खाऊन शेवटच्या गाडीनं परत आले. आठ दिवसांनी ते दुकानातही आले, चार वाजताच. माधवीनं त्यांना खिडकीसमोरचं टेबल दाखवलं. ते म्हणाले, "आज आत बसतो," आणि थेट स्वयंपाकघरात गेले. साईराजनं त्यांना स्टूल दिलं. दोघं तासभर बोलत होते. माधवीला काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. काहीतरी निमित्त काढून आत जावं असं तिला तीनदा वाटलं. ती गेली नाही.

साखरपुडा माघात ठरला. ही बातमी माधवीला आईच्या फोनवरून कळली. फोन ठेवून ती आत गेली. साईराज टिक्क्या थापत होता.

"तारीख ठरली म्हणं."

"व्हय."

"मला आईकडनं कळलं."

"सांगणारच हुतो, आक्का," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो खरंच सांगणार होता, की आता असंच म्हणायचं असं ठरवून बोलला, ते तिला ओळखता येईना. पूर्वी त्याच्या तोंडावरून तिला सगळं कळायचं. बाहेर कुणीतरी काउंटरवर बोटं वाजवली.

"साडी कुठली आणायची तिला, ते तरी मला इचारशील का?" तिनं विचारलं.

साईराजनं तव्यावर तेल सोडलं. "बघू," तो म्हणाला. टिक्की तव्यावर ठेवत म्हणाला, "आईतवारी भैरवीला घेऊन येतो घरी. तूच इचार तिला."

"ये," माधवी म्हणाली आणि काउंटरवर गेली.