हरकतीची मुदत पाच वाजेपर्यंत

सुईदोऱ्याने उभ्या आयुष्यात एकही चूक कबूल केली नव्हती. सुईदोरा हे त्याचं ऑनलाइन मंचावरचं नाव. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता, तिथे त्याला ‘संगणकवाले’ म्हणत, आणि त्याची थोरली बहीण, ताई, नुसतं ‘अरे’ म्हणे. दिवसा तो यंत्रांचे प्रोग्राम सांभाळायचा आणि संध्याकाळी मंचावर भांडायचा. मंचावर सॉफ्टवेअर लिहिणारी चारेकशे माणसं होती. कोणती कंपनी लबाड, कोणता कायदा आंधळा, प्रोग्राम कसा लिहावा आणि कसा लिहू नये, यावर तिथे रोज खल चाले. मंचाचं एकमत कधी झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्याने स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम होता, ‘रांग’. ताई दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. अकरा वर्षांपूर्वी तिथे एकाच वेळेला दोन-दोन पेशंट बोलावले जायचे, आणि गाल सुजलेली माणसं तिच्यावर ओरडायची. दोन रविवार बसून त्याने ‘रांग’ लिहिली, म्हणजे एका वेळेला एकच नाव लागेल. मग ती ज्याला हवी त्याला फुकट घेता येईल अशी ठेवून दिली. आता दोन-अडीचशे दवाखाने ती वापरत होते. “घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस,” असं ताई म्हणायची, आणि ‘रांग’ अडली की पहिला फोन तिचाच यायचा.

त्या वर्षी सरकारने नव्या नियमाचा मसुदा काढला. सॉफ्टवेअर फुकट दिलेलं असो की विकलेलं, त्यातल्या बिघाडाने कोणाचं नुकसान झालं तर लिहिणाऱ्यावर खटला चालेल, असं त्यातलं एक कलम होतं. मोठ्या कंपन्यांच्या पदरी वकिलांची फौज असते. सुईदोऱ्याच्या पदरी कोणी नव्हतं. नियम आला तर ‘रांग’ बंद करायची, हे त्याने ठरवूनच टाकलं. बंद करत असल्याची तीन ओळींची सूचनाही लिहून ठेवली. हरकती कळवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

आधीच्या रविवारी ताईकडे जेवताना त्याने हे सगळं सांगितलं. हरकत कुठे कळवायची, एवढंच तिने विचारलं. त्यावर तो पाऊण तास बोलला. कंपन्यांचे डाव, मंत्र्यांचं अज्ञान, परदेशातले कायदे, काही म्हणून सोडलं नाही. भांडी आवरताना ताई म्हणाली, “एवढं ऐकून मला इतकंच कळलं, की कुठे लिहायचं ते तुला माहीत नाही.”

तो चिडून घरी गेला.

मंचाने सर्वांच्या वतीने एक पत्र पाठवायचं ठरवलं. मंचाचा रिवाज असा, की पत्रातलं प्रत्येक वाक्य आधी सगळ्यांपुढे ठेवायचं. दहा मिनिटांत कोणी हरकत घेतली नाही तर ते मंजूर, घेतली तर पुन्हा चर्चा. पाच दिवसांत पत्राचे एक्केचाळीस मसुदे झाले. ‘वकीलसाहेब’ नावाचा एक जण, जो वकील नव्हता, त्याने कलमांचे क्रमांक तीनदा बदलले. ‘जुनं खोड’ नावाच्या गृहस्थांना पत्राच्या सुरुवातीला संगणकाचा इतिहास हवा होता. तरीही, सांगायला आश्चर्य वाटतं, शुक्रवारी साडेचार वाजता शेवटचं वाक्य मंजूर झालं आणि पत्र तयार झालं.

तेव्हा सुईदोऱ्याने हरकत घेतली. हरकती घेणाऱ्या सरकारी वेबपानावर पत्र फक्त एका बड्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने बनणाऱ्या फाइलमध्ये घेतलं जात होतं. ज्यांच्या मक्तेदारीविरुद्ध लिहायचं, त्यांच्याच पिशवीत घालून पत्र पाठवायचं? त्याला ते पटेना. आपण पंधरा मिनिटांत असा प्रोग्राम लिहितो, की त्या कंपनीचं काहीही न वापरता तशी फाइल तयार होईल, असं त्याने जाहीर केलं, आणि रिवाजाप्रमाणे पत्र तोवर थांबलं. कारखान्यातल्या टेबलाशी तो मान खाली घालून बसला. शेजारी झाकणं मोजणारं यंत्र खटखटत होतं. प्रोग्राम उत्तम झाला. फक्त तो पाच वाजून सात मिनिटांनी झाला, आणि सरकारी पान पाचच्या ठोक्याला बंद झालं होतं.

बैल गेला आणि झोपा केला, असं एक जण मंचावर लिहून गेला. सुईदोऱ्याने लगेच उत्तर दिलं, की चूक सरकारी पानाची आहे. त्या उत्तराखाली दोनशे उत्तरं साचली.

तीन आठवड्यांनी सरकारने आलेल्या सूचना आणि हरकती सर्वांसाठी प्रसिद्ध केल्या. कंपन्यांची अकरा पत्रं आली होती, सगळी नियमाच्या बाजूची. नागरिकांची हरकत एकच होती. ती टपालाने आली होती, दवाखान्याच्या कागदावर, निळ्या शाईत. अक्षर पाहताच सुईदोऱ्याने खुर्ची पुढे ओढली.

“मी दातांच्या दवाखान्यात बसते,” ताईने लिहिलं होतं. “पूर्वी एका वेळेला दोघे यायचे आणि शिव्या मला पडायच्या. ‘रांग’ आल्यापासून तसं होत नाही. ती लिहिणारा माझा भाऊ आहे; हे आधीच सांगते, नाहीतर लपवलं म्हणाल. बिघडलं तर तो त्याच दिवशी दुरुस्त करतो. चूक त्याची असेल तर कबूल करतो. खटल्याच्या भीतीने त्याने हे बंद केलं, तर दुखऱ्या दातांच्या माणसांना काय सांगायचं, ते कृपया मला कळवावं.”

खाली कार्यालयाचा शेरा होता: फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरपुरतं हे कलम एक वर्ष स्थगित; दरम्यान दवाखान्यांकडून माहिती मागवावी.

मंचावर तोवर ताईच्या पत्राची चिरफाड सुरू झाली होती. वकीलसाहेबांच्या मते पत्रात कलमाचा उल्लेखच नव्हता. जुन्या खोडाच्या मते हा विजय मंचाने केलेल्या वातावरणनिर्मितीचा होता.

सुईदोऱ्याने ताईला फोन लावला. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते निराळंच.

“तू सरकारला खोटं लिहिलंस.”

“काय खोटं लिहिलं?”

“मी चूक कबूल करतो म्हणून.”

“ते होय,” ताई म्हणाली. “म्हटलं, सरकारदरबारी लिहून दिलं की तुला करावीच लागेल. ठेवते, समोर पेशंट आहे.”

त्याला लाज वाटत होती, आणि ताईचा इतका अभिमान वाटत होता, की कोणाला सांगावं ते कळेना. बंद करायची ती तीन ओळींची सूचना त्याने पुसून टाकली. मग मंच उघडला. वातावरणनिर्मितीवर साठावं उत्तर येत होतं. त्याखाली त्याने एक वाक्य लिहिलं: “त्या शुक्रवारी पत्र गेलं नाही, ती चूक माझी होती.”

रिवाजाप्रमाणे तो दहा मिनिटं थांबला. कोणीही हरकत घेतली नाही.