आखाताचे तुकडे केले त्याची गोष्ट

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटलं नाही तरी माझी तक्रार नाही. तुम्ही तिघं कालच इथं रुजू झालात, थकायला तुम्हाला अजून अवकाश आहे. कॉफी ओता, हा वेलदोड्याचा पुल्ला, आमचा गोड पाव, तोंडात टाका आणि ऐका. खिडकीशी मांडीवर संगणक घेऊन बसलीय ना, ती हिल्का. गोष्ट तिचीच. पण हाक मारू नका, दमलीय बिचारी.

हिल्कानं चार वर्षं इथल्या समोरच्या आखातात हिवाळ्यात साचणाऱ्या बर्फाचा अभ्यास केला. कुठं जाड होतो, कुठं तडकतो. शेवटचा एक हिशेब उरला. तो झाला की प्रबंध परीक्षकांकडे. नाही झाला तर महिनाअखेर नेमणूक संपते आणि चार वर्षं पाण्यात.

आता हा हिशेब करणार कोण? तर अख्ख्या विद्यापीठाचा मिळून एकच महासंगणक. त्याला हुकूम सोडता येत नाही. अर्ज टाकायचा, इतका वेळ द्या म्हणायचं, आणि बसायचं. रांगेत पुढे ताऱ्यांवाले, औषधांवाले, हवामानवाले. आमच्याकडे सकाळी फारसं कुणी बोलत नाहीच. एकजण भुवया उडवून विचारतो, दुसरा आडवी मान हलवतो. म्हणजे नंबर लागला नाही.

शेवटी हिल्का तळघरात गेली, यंत्रं सांभाळणाऱ्या ताइस्तोकडे.

"तुझ्या कामाला लागतात किती तास?" त्यानं विचारलं.

"आठ-दहा."

"मग तीन दिवस कशाला मागितलेस?"

"मागे कमी मागितले होते, तर काम संपत आलेलं असताना तू मारून टाकलंस!"

"मी नाही. मागितलेला वेळ संपला की यंत्रच काम मारतं."

"तेच ते. म्हणून भिऊन मागितले."

"सगळेच भिऊन मागतात, म्हणून सगळेच अडकलेत. अगं, सलग तीन दिवस कोण देणार तुला? मोठ्या कामांच्या मध्ये तास-दोन तासांच्या फटी असतात. तुकडे कर आणि फटींत सरकव."

"म्हणजे हा अर्ज मागे घेऊ? रांगेतली जागा जाईल माझी."

"जाईल."

"दीड महिना उभी आहे मी, ताइस्तो."

"मग राहा उभी," म्हणाला, आणि डबा उघडून जेवायला लागला.

आणि हिल्कानं काय केलं असेल? अर्ज घेतला मागे! आखाताच्या नकाशावर रेघा मारून बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक फटीत सरकवला. महासंगणकाला असा हलका घास कधी मिळालाच नव्हता. चेकाळला तो! त्याला गार करताना तापलेलं पाणी गावच्या पोहण्याच्या तलावात जातं. त्या दुपारी तलावातल्या बायका लालबुंद होऊन बाहेर पळाल्या. म्हणाल्या, सौनातली वाफसुद्धा एवढी पोळत नाही! उरलेलं पाणी गेलं समुद्रात. तिथला बर्फ बरोब्बर हिल्काच्या रेघांवर कापला गेला, सुरीनं वड्या पाडाव्यात तसा. माझा मेहुणा वेइयो बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता, तो स्टूल, थर्मास आणि दोन माशांसकट वाहत थेट पलीकडच्या किनाऱ्याला, स्वीडनला लागला! तिथं मासे विकून त्याच पैशांत बोटीनं परत आला.

आणि हिशेब? त्याच संध्याकाळी पुरा! प्रबंध गेला, परीक्षकांनी स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. आता हिल्काला डॉक्टरेटची उंच काळी टोपी मिळणार, आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला तलवार...

खिडकीशी हिल्कानं मान वर केली.

"खोटं बोलतोस, म्हाताऱ्या. अर्ज मागे घ्यायचा धीर झालाच नाही मला. मी अजून रांगेतच आहे."